उजव्या पायाचा गिअर

प्रश्न : माझ्याकडे १९९८ ची बुलेट स्टँडर्ड आहे. जुनं कास्ट आयर्न (बिडाचं) इंजिन, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. शोरूममधून मीच काढली आणि आजवर मीच चालवत आलो. वय ५७, मुक्काम कराड. आठवड्यातून दोन-तीनदा पाटणच्या अलीकडे शेतावर जातो. वर्षातून काही वेळा बायकोला मागे बसवून कोयनानगरवरून, कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणला तिच्या माहेरी. अलीकडे उजवा गुडघा दुखतो. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, किक बंद करा. मुलगा म्हणतो, नवी क्लासिक ३५० घ्या. शोरूमवाले एक्सचेंजमध्ये जुनीचे ४० हजार धरतो म्हणतात. पुण्याचा एक ओळखीतला मुलगा ९० हजार द्यायला तयार आहे. पुतण्या म्हणतो, ‘काका, मलाच द्या.’ आणि मित्रांचं एकच पालुपद : दोन्ही ठेव. गाडी द्यायची म्हटलं की जीव तुटतो. काय करू?

उत्तर : जीव तुटतो त्यावर माझ्या गॅरेजात औषध नाही, म्हणून गुडघ्यापासून सुरू करतो.

कास्ट आयर्नला किक मारायला ताकद लागते, हा पसरलेला गैरसमज आहे. लागते ती रीत. चावी लावायची, अँप मीटरकडे (करंट दाखवणाऱ्या काट्याकडे) बघत किक हळू दाबत न्यायची, काटा मधे आला आणि पायाला अडल्यासारखं झालं की डीकॉम्प (इंजिनातला दाब सोडणारी कळ) ओढून पिस्टन जरासा पुढं काढायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच लांब दणका. तुम्ही इतकी वर्षं हेच करत असणार. पण तरीही किक उलटी मारत असेल, तर आधी पॉइंट (ठिणगी पाडणारे संपर्क) आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासून घ्या. टायमिंग पुढं सरकलेलं असलं की किक उलटी येते, आणि तो झटका थेट गुडघ्यात जातो. ‘बुलेट आता झेपत नाही’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांत पॉइंट जळालेले होते. पॉइंट घासले, टायमिंग लावलं, की मालक हसत घरी.

पण तुमच्या डॉक्टरांनी ‘किक बंद’ म्हटलंय. तिथं माझा पाना चालत नाही. जुन्या इंजिनाला सेल्फ बसवून देणारे मिस्त्री आहेत. तो खर्च करू नका. कास्ट आयर्नच्या सेल्फमधला स्प्रॅग क्लच, म्हणजे सेल्फची मोटर इंजिनाला जोडणारा तुकडा, हा नाजूक भाग. तो घसरायला लागला की पुन्हा किकच मारावी लागते, आणि तीही शेताच्या बांधावर, आजूबाजूला चिटपाखरू नसताना.

म्हणजे रोजची गाडी बदलायची हे ठरलं. आता घाटाचं बघू.

जुन्या गाडीचा विचार करताना मी एकच हिशोब मांडतो : यातलं काय दुरुस्त होतं आणि काय कधीच होणार नाही. धूर, टॅपेटचा आवाज, ऑइलची गळती, कार्ब्युरेटर, क्लच प्लेटा, वायरिंग, हे सगळं होतं. पैसे आणि धीर हवा. पुढचा ड्रम काढून डिस्क लावणंसुद्धा होतं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, मात्र कुठलाच मिस्त्री बसवून देणार नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचं झालं. पावसाळ्यात कुंभार्ली उतरताना, वळणावर शेवाळलेला ओला डांबर, समोरून ट्रक आणि मागे वहिनी, अशा वेळी चाक लॉक होतं की फिरत राहतं, यावर सगळं ठरतं. एकटे शेतावर जाता तोपर्यंत ड्रमवर भागेल. वहिनींना घेऊन घाट उतरायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे.

आणि आता मित्रांच्या सल्ल्याकडे येतो, कारण सगळ्यात गोड तोच वाटतो आणि तुमच्यासाठी सगळ्यात वाईटही तोच आहे.

तुमच्या गाडीचा गिअर उजव्या पायात आहे, कारण तिची मूळ रचना इंग्लंडची. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड कंपनी उभी राहिली, तीच पद्धत इथं आली आणि पुढची कित्येक दशकं तशीच राहिली. पहिला वर, बाकीचे तीन खाली. नव्या क्लासिकला गिअर डाव्या पायात, पहिला खाली, बाकीचे चार वर. म्हणजे पायही उलटा आणि दिशाही उलटी. सावकाश जाताना माणूस हे आठवडाभरात शिकतो. पण म्हैस आडवी आली की डोकं मागं पडतं आणि पाय पुढं जातो.

आता बघा काय होतं. नवीवर असताना घाबरून तुम्ही सवयीनं डावा पाय दाबलात, तर ब्रेक लागणार नाही. गिअर एक खाली पडेल. इंजिन ओढ देईल, मागचं चाक हिसका खाईल, मागचा लाल दिवा मात्र लागणार नाही. हे वाईटच, पण निदान वेग थोडा कमी होतो. उलट बाजू जास्त वाईट. समजा, सहा महिन्यांत नवीची सवय झाली आणि एका रविवारी हौसेनं जुनी बाहेर काढलीत. कुत्रं मधे आलं. आता पायाला नवं शिकवलंय, म्हणून तुम्ही उजवा दाबलात. जुनीत उजवा खाली दाबला की गाडी वरच्या गिअरमध्ये जाते! थांबायच्या क्षणी गाडी मोकळी होते. पंचविशीतली पोरं दोन्ही चालवतात, त्यांचे पाय लवकर फिरतात. सत्तावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानं, एका आठवड्यात दोन्ही चालवू नका. कुणी कितीही म्हणो.

नवी आली की बाजार समितीच्या सुट्टीच्या दिवशी मोकळ्या पटांगणात जा. गिअर बदलायची तालीम नको, ती आपोआप होईल. तालीम करायची ती फक्त थांबण्याची : उजवा पाय आणि उजवा हात एकदम. मुलाला लांब उभं करून अचानक हात वर करायला सांगा, आणि तो दिसताच थांबा. डावा पाय ‘मी नाही’ म्हणेपर्यंत हेच. हसतील लोक. हसू द्या.

नवीचं एक वैगुण्यही सांगतो, कारण मुलानं ते सांगितलं नसणार. ती जुनीपेक्षा जड आहे. १९५ किलो, म्हणजे पंचवीस-तीस किलोनं तरी जास्त. धावताना कळत नाही. बॅलन्सर शाफ्टमुळे थरथरही कमी, वहिनी खूश होतील. पण बोळातून मागं ओढताना, दाराच्या उंबऱ्यावर चढवताना गुडघ्याला तो भार नक्की कळेल. म्हणून टेस्ट राइड शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊन परत येऊ नका. गाडी घरापर्यंत न्या. इंजिन बंद करून स्वतः ढकलत आत घ्या, मधल्या स्टँडवर चढवा, मागं काढा. मग वहिनींना बसवून चढावर यू-टर्न घ्या. यात पाय डगमगला तर ३५० चा हट्ट सोडा. हलकी १२५-१५० बघा. कुणाला काय वाटेल ते मला सांगू नका, मी रोज तेच ऐकतो.

आणखी एक. नव्या क्लासिकला किक नाहीच. त्यामुळे बॅटरी बसली की इंजेक्शनही (इंजिनाला पेट्रोल पुरवणारी विजेवरची यंत्रणा) बसलं. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर मधे एखादा फेरफटका मारा किंवा चार्जर लावा.

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, आणि ही गाडी ३४९ सीसीची आहे. म्हणजे तुम्ही थांबलात ते फुकट गेलं नाही. शोरूममध्ये दोन कोटेशन मागा : एक्सचेंजसह एक, एक्सचेंजशिवाय एक. दोन्ही ऑन-रोड, दोन्ही कागदावर. पुष्कळदा जुनीचे म्हणून दाखवलेले पैसे नवीवरच्या सुटीतून कापलेले असतात. ४० हजार हा भाव गाडीच्या वयाचा आहे, गाडीचा नाही. कास्ट आयर्न इंजिन २०१० च्या आसपास बंद झालं, ते शोधत फिरणारे लोक आहेत, हे पुण्याच्या पोराला ठाऊक आहे; शोरूमच्या तक्त्याला ठाऊक नाही. तेव्हा शोरूमला नाही.

मग पुण्याचा मुलगा की पुतण्या? कागदाकडे बघा. १९९८ ची गाडी, म्हणजे १५ वर्षं २०१३ ला भरली, पुढं पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवलीत असं धरतो : २०१८, २०२३. तर २०२८ पर्यंत गाडीचं पुस्तक (आरसी) जिवंत आहे. नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर बसवून घ्या, दुचाकीला जीएसटीसह ५३१ रुपये. हे दोन्ही नीट असेल तर विकायची घाई कुणालाच नाही.

पुतण्याला द्यायची असेल तर एक परीक्षा घ्या. त्याला टॅपेट लावता येतं का, हे विचारू नका. महिनाभर दर रविवारी येऊन टाकी, कार्ब्युरेटर आणि पॉइंट साफ करायला सांगा. आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये हे महत्त्वाचं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, उभ्या गाडीच्या टाकीत आतून गंज धरतो, जुन्या रबरी नळ्या आणि ओरिंगा फुगतात. नळ्या नव्या, इथेनॉल चालणाऱ्या टाकाव्या लागतील, आणि गाडी उभी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा राहतो. चार रविवार आला तर गाडी त्याची. तिसऱ्या रविवारी ‘काका, मित्राचं लग्न आहे’ म्हणाला, तर पुण्याला फोन लावा. ९० हजार घ्या आणि नवीच्या विम्यात घाला.

आणि पुतण्या असला तरी गाडी नावावर करूनच द्या. का, ते खालच्या प्रश्नात आलंच आहे.

प्रश्न : मी सांगलीची. माझी जुनी १५० सीसी गाडी एका विक्रेत्याकडे एक्सचेंजमध्ये दिली आणि नवी घेतली. सह्या केलेले कोरे फॉर्म त्यांनी ठेवून घेतले. काही महिन्यांनी माझ्या मोबाइलवर त्या जुन्या गाडीचं ई-चलन आलं. विक्रेता म्हणतो, गाडी पुढं गेली, होईल नावावर. भरू का चलन?

उत्तर : ताई, चलन हा त्यातला स्वस्त भाग आहे. ती गाडी कुणाला धडकली असती तर? सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सांगितलंय की, पुस्तकावर ज्याचं नाव तोच मालक. गाडी पुढं किती हातांतून फिरली ते भरपाईच्या वेळी मोजलं जात नाही.

आधी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून आज मालक कोण दिसतोय ते बघा. तुमचंच नाव असेल तर विक्रेत्याच्या फोनची वाट बघत बसू नका. गाडी दिल्याची पावती, तारीख आणि चलनाची प्रत जोडून आरटीओला लेखी कळवा, पोच घ्या. कायद्यानं गाडी देणाऱ्यानं त्याच राज्यात असेल तर १४ दिवसांत हे कळवायचं असतं. फॉर्म २९ त्यासाठीच आहे, आणि घेणाऱ्यानं फॉर्म ३० भरून ३० दिवसांत नाव चढवायचं असतं. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत नोंदणी असलेल्या जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गाडी दिल्याची फॉर्म २९ सी मध्ये ऑनलाइन नोंद करता येते, आणि ती झाली की पुढची जबाबदारी त्याच्यावर. तुमच्या विक्रेत्याकडे ते अधिकारपत्र आहे का, हे लेखी विचारा. उत्तर आलं नाही, तर तेही अर्जाला जोडा.

चलनाचं म्हणाल, तर आधी तक्रार नोंदवा. चलनावरचा फोटो मोठा करून बघा, चालवणारा तुम्ही नाही हे त्यातच दिसत असेल.