गुरुजींचं व्याज कोणासाठी?

प्रश्न : आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मे 2017 मध्ये निवृत्त झाले. सातव्या वेतनाप्रमाणे शेवटचं मूळ वेतन 54 हजार. पेन्शन विकली होती (तिच्या काही भागाचे पैसे एकरकमी घेतले होते), त्यामुळे हातात 31 हजारांच्या आसपास पडतात. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत 22 लाख (2023 साली ठेवले), एका सहकारी बँकेत 9 लाखांची ठेव. वाईला स्वतःचं घर आहे, मुलं मार्गी लागली. महिन्याचा खर्च 22 हजारांवर जात नाही. माझे गुडघे दुखतात, पण धुणं अजून हातानंच. मशीन म्हटलं की, "उद्या आजारपण आलं तर?" कन्याकुमारी सहा वर्षं 'पुढच्या वर्षी' आहे. मी उधळी आहे का? (वय 61)

उत्तर : ताई, उधळ्या बायका मी बँकेच्या काउंटरवरून पाहिल्या आहेत. त्या मासिकाला पत्र लिहून विचारत नाहीत.

आधी गुरुजींच्या पोस्टाच्या खात्याचं बघू. 22 लाखांवर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 45,100 रुपये येतात, म्हणजे महिन्याला 15 हजार. या योजनेत व्याजावर व्याज मिळत नाही. पैसे म्हाताऱ्या माणसानं वापरावेत, म्हणूनच सरकार ते तिमाहीला हातात देतं. गुरुजी ते उचलून पुन्हा ठेवीत टाकत असणार. पेन्शन आणि व्याज मिळून 46 हजार, खर्च 22 हजार. दरमहा 24 हजार नुसते साठताहेत.

आता गुरुजींची बाजू. त्यांची भीती खोटी नाही. महागाई 6 टक्के धरली तरी आजचे 22 हजार बारा वर्षांनी 44 हजार होतात. पेन्शनला महागाई भत्ता आहे, पोस्टाच्या व्याजाला नाही. शिवाय उद्या ते नसले तर तुम्हाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल ते मूळ वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 16,200 अधिक भत्ता, आजच्या हिशेबात 25 हजारांच्या आसपास. विकलेल्या पेन्शनचे 10,800 मात्र पंधरा वर्षं भरली की, 2032 मध्ये, पुन्हा सुरू होतील. ही तारीख गुरुजींना पाठ असेल, तुम्हाला सांगितली आहे का?

हे विचारतो, कारण आमच्या शाखेत एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला आले की सगळ्या पावत्या काउंटरवर पसरायचे आणि व्याजासकट पुन्हा ठेवायचे. सदऱ्याची कॉलर उलटवून शिवलेली. एका वर्षी ते आले नाहीत, बाई आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत चौदा पावत्या, सगळ्या एकट्यांच्या नावावर. त्यांनी हळूच विचारलं, "यातले थोडे काढता येतात का हो?" पैसे काढायची स्लिप त्यांनी कधी हातात धरली नव्हती. रकाने मी भरून दिले, सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं.

तेव्हा आधी दोघांची नावं. बँकेची ठेव दोघांच्या नावानं, 'कोणीही एक किंवा हयात' अशी करून घ्या. पोस्टातलं खातं संयुक्त नसेल तर निदान नॉमिनी म्हणून तुमचं नाव आहे ना, पासबुकात बघा. आणि 9 लाख एकाच बँकेत नकोत. ठेव विमा एका बँकेतल्या सगळ्या ठेवींना मिळून, व्याजासह, 5 लाखांपर्यंतच आहे. त्यांची दोन बँकांत वाटणी करा, 5 लाखांच्या जरा आतच ठेवा. जास्त व्याजाच्या मोहानं पतसंस्थेकडे वळू नका, तिथं हा विमाच नाही.

ते 9 लाख म्हणजे गुरुजींचं 'उद्या आजारपण आलं तर'. भीतीला एकदा आकडा दिला की ती तेवढ्यात राहते. सत्तरी ओलांडली की आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंतचे उपचारही मिळतात. गुरुजींना चार वर्षं आहेत, तुम्हाला नऊ.

राहिले दरमहाचे 24 हजार. त्यातले 10 महागाईसाठी आवर्ती ठेवीत टाका, ते गुरुजींचे. उरलेले 14 तुमच्या एकटीच्या बचत खात्यात, आणि त्यांचा हिशेब विचारायचा नाही. वर्षाला 1,68,000 होतात. त्यात मशीनही येतं आणि कन्याकुमारीही होते. वर्षअखेरीला काही उरलं तर खुशाल साठवा, पण ठरवून साठवायचे नाहीत. मी स्वतः निवृत्तीनंतर दोन वर्षं वर्तमानपत्र शेजाऱ्यांचं वाचत होतो, म्हणून हे जरा जोरात सांगतोय. (एसटीत तुम्हाला बायकांची अर्धी सवलत आणि गुरुजींना 65 च्या पुढची. तिकिटाचं कारण त्यांना सांगता येणार नाही, निदान राज्याच्या हद्दीपर्यंत.)

मशीन घेण्याआधी मोरीतल्या नळाचा दाब बघून घ्या. कमी असेल तर अर्धस्वयंचलित घ्या, त्यात बादलीनं पाणी ओतता येतं. आणि पैसे काढायला बँकेत तुम्हीच जा. गुरुजींना बाकावर बसू द्या, स्लिप तुम्ही भरा.