माउंटवरचं अक्षर आधी वाच

प्रिय मित्रा,

तू विकत घ्यायची म्हणतोस ती अमेरिकन रेल्वे इंजिनाची जुनी स्लाइड तू पाठवलेल्या फोटोत नीट पाहिली. माउंटवर, म्हणजे फिल्मच्या भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर, शाईने 'डी. अँड एच. १८, ऑल्बनी, १९६५' लिहिलंय, म्हणजे डेलावेअर अँड हडसन रेल्वेचं १८ नंबरचं इंजिन, ऑल्बनी शहरात. स्लाइड जरूर घे, पण त्या १९६५ वर भिस्त ठेवू नकोस. हे आल्को या अमेरिकन कंपनीने बनवलेलं पीए-१ डिझेल इंजिन. डेलावेअर अँड हडसनने सांता फे रेल्वेकडून अशी चार इंजिनं घेतली ती १९६७ मध्ये. त्याआधी ते या निळ्या-चंदेरी रंगात असूच शकत नाही. आता माउंटच्या कडेचा 'ऑगस्ट ६९' हा शिक्का बघ. तो फिल्म धुतल्याचा महिना आहे, फोटो काढल्याचा नव्हे. तरी फोटो त्यानंतरचा नाही, एवढं पक्कं. म्हणजे खरी तारीख या दोहोंच्या मधली.

प्रत्येक फोटो असाच तपासायचा. अमेरिकन रेल्वे कंपन्यांपैकी पेन सेंट्रल १ फेब्रुवारी १९६८ ला सुरू झाली, बर्लिंग्टन नॉर्दर्न २ मार्च १९७० ला, अ‍ॅमट्रॅक १ मे १९७१ ला, कॉनरेल १ एप्रिल १९७६ ला. या चार तारखा पाठच कर. कंपनीची रंगसंगती तिच्या तारखेआधी दिसू शकत नाही, त्यामुळे निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात. मॉडेलची नावंही सर्रास चुकीची लिहिलेली असतात. जनरल मोटर्सच्या ई७ या इंजिनाच्या अंगावर चौकोनी खिडक्या असतात, ई८ वर गोल. ई८ आणि ई९ मात्र नुसत्या फोटोवरून वेगळी ओळखणं अवघड. तिथे इंजिनाचा नंबर रेल्वेच्या यादीशी ताडून बघावा लागतो.

म्हणून जुना पुठ्ठ्याचा माउंट काढून स्लाइड चकचकीत प्लास्टिकमध्ये घालू नकोस. अक्षर, शिक्का, छायाचित्रकाराचं नाव सगळं त्या पुठ्ठ्यावरच असतं. माउंट अगदी फाटला असेल तरच बदल, आणि जुना पुठ्ठा त्याच नंबरच्या पाकिटात जपून ठेव. तुझा अंदाज वेगळ्या वहीत लिही, माउंटवर नको.

मूळ स्लाइड की नक्कल? दिव्याच्या तिरप्या उजेडात इमल्शनची, म्हणजे चित्राचा थर असलेली, बाजू धर. कोडॅकची कोडाक्रोम फिल्म असेल तर चित्राच्या कडा पृष्ठभागावर किंचित उठलेल्या दिसतात, नाण्यावरच्या ठशासारख्या. नकलेत बहुधा तसं दिसत नाही, शिवाय बोगींच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या, सावल्या काळ्या ठिक्कर होतात. भिंगातून बोगीच्या स्प्रिंगा सुट्या दिसल्या पाहिजेत. कोडॅकच्याच दुसऱ्या फिल्मच्या, एक्टाक्रोमच्या, जुन्या स्लाइड गुलाबी-लालसर पडलेल्या असतात. फार दुर्मीळ इंजिन असल्याशिवाय त्यावर पैसे घालवू नकोस. कोडाक्रोम अंधारात उत्तम टिकतं, पण प्रोजेक्टरच्या उजेडात त्याचाही रंग उडतो. तेव्हा प्रोजेक्टरवर मूळ स्लाइड लावू नकोस.

कागदी प्रिंटची परीक्षा वेगळी. १९४८ ची म्हणून विकली जाणारी प्रिंट प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदावर असेल, तर ती खूप नंतर काढलेली आहे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा झळकला तरी संशय घे. तशी उजळ द्रव्यं फोटोच्या कागदात साधारण १९५० च्या दशकापासून आली.

साठवण हा आपल्याकडे सगळ्यात जोखमीचा भाग. स्लाइड ठेवायला पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची खिशांची पानं घे. नव्या रेनकोटसारखा वास येणारी पीव्हीसीची पानं चिकटतात आणि फिल्म खातात. लाकडी कपाटापेक्षा लोखंडी बरं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेव, आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहिली पाहिजे, आणि पावसाळ्यात जेल वेळच्या वेळी वाळवत जा. बुरशी दिसली तर पाण्याने अजिबात पुसू नकोस. बुरशीने जिलेटिन पाण्यात विरघळू लागतं आणि चित्रच निघून येतं. एखाद्या निगेटिव्हला व्हिनेगरचा वास आला तर ती फिल्म सडू लागल्याची खूण, ती लगेच वेगळी काढ.

स्कॅन ४००० डीपीआयवर (इंचाला ४००० ठिपके) कर, साधारण २१ मेगापिक्सेल मिळतात. धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय कोडाक्रोमला आणि चांदीच्या कृष्णधवल फिल्मला बंद ठेव, नाहीतर रेलिंगसारखे बारीक तपशील कुरतडले जातात. स्लाइड उलटी लागली नाही ना, यासाठी इंजिनाच्या कॅबवरचा नंबर उलटा दिसतोय का, तेवढं बघून घे.

विषय एकच धर. माझ्या मते आल्को धर. पुणे-कल्याणच्या शेडमध्ये राहिलेलं आपलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन त्याच कंपनीच्या आराखड्यावरचं, त्यामुळे ही इंजिनं बघायला तुझी नजर आधीच बसलेली आहे. आणि स्लाइड विकत घेतली म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं नव्हे. तो लेखी घ्यावा लागतो.

आता विक्रेत्याकडून एवढंच माग: माउंटच्या दोन्ही बाजूंचे फोटो, तिरप्या उजेडातला इमल्शनचा एक फोटो, आणि स्लाइड दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाठवण्याचं कबूल करणं. टपालातल्या क्ष-किरणांची काळजी करू नकोस, धुतलेल्या फिल्मला त्याने काही होत नाही.