जुनी पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारा छोटा स्विच असलेली) ३५० बुलेट चोर्ला घाट चढून जांबोटीला चहाला थांबवली की परत चालू होत नाही, तासाभराने पहिल्या किकला लागते. दोष कार्बोरेटरचा की करंटचा?

जिथे अडते तिथेच, गरम असतानाच प्लग काढून बघा, म्हणजे कळेल: ओला निघाला तर पेट्रोल जास्त होतंय, कोरडा आणि ठिणगी पिवळट असेल तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा भाग, बिघडला की ठिणगी कमजोर) नाहीतर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). घरी येऊन थंड गाडीवर तपासलं तर दोन्ही ठीकच दिसणार. गाडी थांबली की हवा बंद होते, इंजिनाची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते, पेट्रोल उकळून आत उतरतं. त्यात आपण सवयीने चोक ओढतो आणि उरलीसुरली आशाही बुडवतो. अशा वेळी चोक नको. पेट्रोलचा कॉक बंद, रेस पूर्ण उघडी, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून पाच-सहा किक मारा, मग नेहमीसारखी एक. रोजच ओला निघत असेल तर कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची निडल झिजलेली असते.

माझा पहिला संशय मात्र कंडेन्सरवरच. बेळगावात जुन्या बुलेटी उघडताना बहुतेक वेळा तोच निघालाय, आणि स्वस्तही आहे. बदलताना पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. गरम झाल्यावर किकच हलकी लागत असेल, तर हे सगळं सोडून टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) बघा, घट्ट बसलेत. आणि ठिणगी बघताना प्लग भोकापासून लांब धरा, आत पेट्रोलची वाफ असते.