ताटात उरलेलं कोण लिहितं?

या वेळची जवळजवळ सगळी पत्रं नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची आहेत. काही पत्रांना परीक्षेचा वास आहे, काहींना वॉर्डाचा. वॉर्डातल्यांना मी जास्त जागा दिली आहे. परीक्षेचं तुमच्या ट्यूटर बघून घेतील.

प्रश्न : मॅडम, आमच्या हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहेत. आहाराचा चार्ट त्याच लावतात. मग आम्हाला पहिल्याच वर्षी न्यूट्रिशन एवढं का शिकवतात? (बीएस्सी नर्सिंग, पहिलं वर्ष, नाशिक)

डाएटिशियन दिवसातून एकदा राउंडला येते. ताट येतं तेव्हा आणि परत जातं तेव्हा खाटेपाशी असतेस तू.

डाएटिशियन म्हणून केलेली माझीच एक जुनी चूक सांगते. मेडिकल वॉर्डात सत्तरीचे एक आजोबा होते. त्यांना मी हाय प्रोटीन डाएट लिहून दिला: भाकरी, उसळ, अंडं, दूध. रोज चार्ट बघायची, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची. आठवडा झाला तरी माणूस खंगतच चाललेला. शेवटी एका जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) मुलीने सांगितलं, "मॅडम, आजोबांची कवळी घरीच राहिलीय. ते फक्त दूध पितात, बाकीचं ताट मावशी परत नेतात." आठ दिवस मी कागदाला जेवू घालत होते.

म्हणून इनटेक-आउटपुट चार्टवर पाणी आणि लघवी लिहितेस, तसं जेवणही लिहीत जा. "जेवले" एवढंच लिहू नकोस. "अर्धी पोळी, दोन चमचे वरण, भात तसाच" असं लिही. सलाईन किती गेलं हे आपण मिलीलिटरमध्ये सांगतो आणि तोंडातून किती गेलं हे "बरं जेवले" म्हणून सोडून देतो.

प्रश्न : प्रथिनांचं गणित परीक्षेत येतं, पण पेशंटला "46 ग्रॅम घ्या" म्हटलं की तो नुसता बघत राहतो. ग्रॅमचं वाटीत कसं करायचं? (जीएनएम, दुसरं वर्ष, लातूर)

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 55 किलोच्या बाईला झाली साधारण 46 ग्रॅम. तुझा आकडा बरोबर आहे.

आता वाटीकडे येऊ. इथे बहुतेक मुली घसरतात ते कच्चं आणि शिजलेलं यात. पुस्तकात 100 ग्रॅम तूरडाळीत 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं दिलेली असतात, ती कोरड्या डाळीत. एक वाटी घट्ट वरणाला डाळ लागते 30 ग्रॅम, म्हणजे प्रथिनं साडेसहा ग्रॅम. मेसचं वरण असेल तर त्याहून कमी, ते मी सांगायला नको. ज्वारीची मध्यम भाकरी 50 ग्रॅम पिठाची धर, 5 ग्रॅम. अंडं 6 ग्रॅम. कपभर दूध 5 ग्रॅम. मूठभर शेंगदाणे 7 ग्रॅम.

तीन भाकऱ्या, दोन वाट्या घट्ट वरण, एक अंडं, कपभर दूध, मूठभर दाणे. बेरीज करून बघ, बरोबर 46 येतात. यातलं काहीही महाग नाही, आणि डब्यात भरून विकायची पावडरही नाही. पेशंटशी बोलताना ग्रॅम मनात ठेव, तोंडात भाकरी, वाटी आणि मूठ येऊ दे. आणि "वाटी" म्हणजे केवढी हे त्याच्याच घरची वाटी मागवून बघ. आमटीची वाटी आणि खिरीची वाटी यांत दुपटीचा फरक असू शकतो.

एक लक्षात असू दे, 0.83 हा निरोगी माणसाचा आकडा आहे. पाठीला बेडसोर झालेल्या पेशंटला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम लागतात. नुसतं ड्रेसिंग बदलून जखम भरत नाही.

प्रश्न : सर्जिकल वॉर्डात आणि बाळांच्या ओपीडीतही नातेवाईक अभिमानाने सांगतात, "डाळीचं पाणी देतोय." ते खरंच पौष्टिक असतं का? (बीएस्सी नर्सिंग, तिसरं वर्ष, सोलापूर)

नाही. या प्रश्नावर मी जरा तापते, सांभाळून घे.

तुमच्या आद्य गुरू फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये हेच लिहून ठेवलंय. तिकडे आजाऱ्याला मांस उकळून त्याचं पाणी पाजत, 'बीफ टी' म्हणून. सगळ्यांची समजूत अशी की याच्याइतकं ताकदीचं दुसरं काही नाही. बाईंनी सांगितलं, ते आटवून बघा, अर्ध्या पाइंट पाण्यामागे जेमतेम चमचाभर सत्त्व उरतं. भरल्या घरात रोगी उपाशी मरतात, असंही त्या म्हणाल्या. मांसाच्या जागी तूरडाळ ठेव, प्रयोग आपल्या वॉर्डातही तसाच निघेल. डाळ तळाला बसते, ती बाकीचं घर खातं. वरचं पिवळं पाणी, मीठ-हळद घातलेलं, आजाऱ्याला नाहीतर बाळाला.

ऑपरेशननंतर पहिला दिवस क्लिअर लिक्विड, म्हणजे नुसते आरपार दिसणारे पातळ पदार्थ देतात, ते ठीक आहे. आतडं जागं झालंय का हे बघायचं असतं आणि पाणी-क्षार जायला हवे असतात. ते जेवण नव्हे. घोळ होतो तो पुढे, क्लिअर लिक्विडची पाटी खाटेवर चौथ्या दिवशीही तशीच राहते तेव्हा. ती पाटी कोण काढणार? डॉक्टरांना विचारायचं काम तुझं.

बाळाचं जास्त नाजूक. सहा महिने पूर्ण झाल्यावर, आईचं दूध चालू असताना, 6 ते 8 महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून रोज साधारण 200 कॅलरी लागतात. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी मावतं सुमारे 200 मिली. एवढीशी पिशवी पाण्याने भरली तर बाळ पोट भरल्यासारखं झोपतं आणि वजन जागचं हलत नाही. म्हणून चमच्याची खूण शिकव: चमचा तिरका केला तरी खाणं त्यावर टिकलं पाहिजे, घळाघळा ओघळता कामा नये. तांदूळ-मूगडाळीचं खिमट, वर चमचाभर तूप किंवा तेल. तो एक चमचा 5 ग्रॅमचा, म्हणजे 45 कॅलरी.

आणि आजीला "तुमचं चुकतंय" म्हणू नकोस, ती उद्या सुनेला ओपीडीत पाठवणार नाही. मी म्हणायची, "आजी, पाणी तुम्ही प्या, डाळ नातवाला द्या." हसतात आणि ऐकतात.

प्रश्न : रायल्स ट्यूबच्या (नाकातून पोटात नळी घातलेल्या) पेशंटला नातेवाईक घरून फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न आणतात. पातळ केलं तर कॅलरी मिळत नाहीत, घट्ट ठेवलं तर नळी चोंदते. काय करायचं? (स्टाफ नर्स, आयसीयू, कोल्हापूर)

सिस्टर, याचं उत्तर तुमच्या जिल्ह्यातल्या चुलीपाशीच आहे. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून अगदी हलकी भाजायची आणि दळायची. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते पिष्टमय पदार्थाचे लांब धागे तोडतं. नेहमीसारखी घट्ट खीर शिजवा, खाली उतरवून थोडी निवू द्या, मग त्यात चमचाभर हे मोडाचं पीठ घालून ढवळा. पाच-दहा मिनिटांत खीर डोळ्यांदेखत सैल होते. पाणी वाढवलेलं नाही, म्हणजे कॅलरी तेवढ्याच. मग पुन्हा एक उकळी काढायची आणि बारीक गाळणीने गाळायची. पीठ करपेपर्यंत भाजलं किंवा उकळत्या खिरीत टाकलं तर विकर मरतं आणि मग नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, तुमचं काही चाललं नाही."

घरचं फीड खोलीच्या तापमानाला दोन तासांच्या आत संपलं पाहिजे. सकाळी सातला भरलेला थर्मास दुपारी तीनला वापरणं म्हणजे जुलाबांना आवतण. बाकीचं तुम्हाला पाठ असेल, तरी नव्या मुलींसाठी लिहिते: नळी जागेवर आहे ना ते दर वेळी तपासायचं, डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर, एका वेळी 200 ते 250 मिली, सावकाश, आणि शेवटी 30 मिली पाणी. गोळ्या कुटून फीडमध्ये कालवू नयेत, नळी चोंदण्याचं निम्मं कारण तेच असतं.

प्रश्न : डायबेटिसच्या पेशंटला भाकरी कितीही चालते का? आणि साखरेऐवजी गूळ? (जीएनएम, पहिलं वर्ष, बीड)

कितीही चालत नाही. ज्वारीच्या पिठात दोन तृतीयांश पिष्टमय पदार्थच असतात. भाकरी मैद्याच्या पावापेक्षा चांगली, पण चार भाकऱ्या या चारच असतात. गुळाची साखर रक्तात साखरच होते.

पण तुझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं आणि ताट तसंच परत गेलं, तर तासाभरात पेशंटला घाम फुटेल, हात थरथरतील. म्हणून जेवण खाटेवर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. साखर उतरलीच आणि पेशंट शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, डॉक्टरांना हाक मारायची.

प्रश्न : किडनीच्या पेशंटला भेटायला येणारे सगळे शहाळं आणतात. नको म्हटलं की रागावतात. (बीएस्सी नर्सिंग, चौथं वर्ष, पुणे)

रागावू देत. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर रक्तात साठतं आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. शहाळं पिशवीतच राहू दे, नातेवाईकांना प्यायला सांग.

याहून लपलेली गोष्ट म्हणजे दुकानात मिळणारं 'लो सोडियम' मीठ. मीठ कमी करा म्हटलं की घरची माणसं मोठ्या मायेने तेच आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीवाल्या शेजाऱ्याला चालेल, या पेशंटला विष. पाकीट मागवून मागची बाजू वाच. आणि "किडनी म्हणजे प्रथिनं बंद" हा मंत्र सरसकट लावू नकोस. डायलिसिस सुरू झालं की प्रथिनं गळून जातात, तेव्हा उलट किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम द्यावी लागतात.

प्रश्न : उपकेंद्रावर बाळंतिणी येतात. सासू पाणी कमी देते, डाळ-भाजी-फळं बंद करते. आम्ही सांगितलेलं कोणी ऐकत नाही. (एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स, यवतमाळ जिल्हा)

ताई, आधी सासूचं काय बरोबर आहे ते तिला ऐकवा. बाजरीची भाकरी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेपूची भाजी, हे सगळं उत्तम. पहिले सहा महिने दूध पाजणाऱ्या आईला रोज 600 कॅलरी आणि 17 ग्रॅम प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात. लाडवांतून कॅलरी येतात, प्रथिनं मात्र डाळ, अंडी, दूध, दाणे यांतूनच यायची. म्हणजे मांडणी अशी करायची: "लाडू ठेवा, त्याला जोडून वरणाची वाटी वाढवा." पाण्याबद्दल एवढंच सांगा: बाळ अंगावर घेताना आईजवळ पाण्याचा तांब्या भरलेला हवा.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही, ती म्हणजे चीक. गाय व्यायली की खरवसाची वाटी शेजारीपाजारी पोचते आणि स्वतःच्या सुनेचा चीक मात्र पिळून टाकतात, मला हे कोडं कधी सुटलं नाही. मी खरवसाचाच दाखला द्यायची, तो लगेच पटतो. जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीशी. मध चाटवणं नाही, वर्षाच्या आत तर नाहीच.

प्रश्न : मॅडम, हा प्रश्न माझाच आहे. हॉस्टेलला राहते. कॉलेजच्या तपासणीत हिमोग्लोबिन 9.4 आलं. मी रोज पालक खाते. (जीएनएम, पहिलं वर्ष, गाव लिहिलेलं नाही)

गाव लिहिलं नाहीस ते समजलं. लाजण्यासारखं काही नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी निघाल्या. तुझ्या वर्गातही निम्म्या असतील.

पालकाला जरा जास्तच मान मिळालाय. त्यातल्या लोहातलं फार थोडं अंगी लागतं. तू जेवणात काय खातेस याआधी मला विचारायचंय, जेवणावर काय पितेस? हॉस्टेलच्या मुलींचं मला ठाऊक आहे: पोहे आणि चहा एकाच हातात, रात्रपाळीला तर जेवणाची जागाच चहा-बिस्किटांनी घेतलेली. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको. त्याऐवजी पोह्यांवर लिंबू पीळ, उसळीला मोड येऊ देत, पेरू किंवा आवळा मिळाला तर जेवणाबरोबरच खा. क जीवनसत्त्वाने लोह आत शिरतं. मांसाहारी असशील तर मटण-मासे सोडू नकोस.

पण 9.4 नुसत्या जेवणाने भरून निघणार नाही. डॉक्टरांना दाखव, लोहाच्या गोळ्या लागतील. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का तेही त्यांना सांग. गोळ्यांनी शौच काळं होईल, घाबरू नकोस. कॅल्शियमची गोळी असेल तर ती दुसऱ्या वेळी, लोहाबरोबर नको. महिन्याभरात साधारण एक ग्रॅमने चढायला हवं. नाहीच चढलं तर कारण दुसरं शोधावं लागेल, आणि चढलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, कोठार भरायला पुढचे काही महिने लागतात. महिन्याने रक्त पुन्हा तपास आणि आकडा मला कळव. गाव नाही लिहिलंस तरी चालेल.