रूळ गेले, पूल राहिला

प्रश्न : सप्टेंबरात धाकट्या मुलीकडे न्यू यॉर्क राज्यात, पकिप्सीला गेले होते. तिथे हडसन नदीवरच्या जुन्या रेल्वेपुलावर आता लोक फिरायला येतात, सायकली चालवतात. मधोमध गेल्यावर पायाखाली बारीक थरथर जाणवली. पूल सव्वाशे वर्षांहून जुना, शिवाय मध्ये जळलेला, असं जावई म्हणाले. मग त्यावर एवढी माणसं सोडणं धोक्याचं नाही का? आणि रेल्वेनं तो टाकला तरी का? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, माझी नोकरी रेल्वेत ब्रिज इन्स्पेक्टर म्हणून झाली, त्यामुळे थरथरीची भीती मला नवी नाही. पोलादी पूल हलायलाच हवा. जो अजिबात हलत नाही, त्याची बेअरिंग, म्हणजे पुलाला खांबांवर किंचित सरकू देणारे आधार, गंजून धरली आहेत का, हे मी आधी बघेन.

पूल सुरू झाला 1889 च्या आरंभी. लांबी 6,768 फूट, म्हणजे दोन किलोमीटरच्या वर, आणि पाण्यापासून उंची 212 फूट. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा न्यू इंग्लंडच्या कारखान्यांना हवा होता आणि ऑल्बनी ते न्यू यॉर्क शहर या टप्प्यात हडसनवर एकही पूल नव्हता. काम 1870 च्या दशकातच काढलं होतं, पण पैशांअभावी रखडलं. नदीतल्या खांबांचे पाये शंभर फुटांहून खोल आहेत. लाकडाच्या प्रचंड पेट्या बुडवून त्यांत काँक्रीट भरलेलं. लाकूड म्हणून घाबरू नका. कायम पाण्याखाली, गाळात राहिलेलं लाकूड सहसा कुजत नाही.

इंजिनं जड होत गेली, तेव्हा 1906-07 मध्ये राल्फ मोजेस्की या इंजिनिअरनं दोन ट्रसच्या, म्हणजे पूल पेलणाऱ्या त्रिकोणी जाळीच्या पोलादी सांगाड्यांच्या, मध्ये तिसरी ट्रस बसवली. पुढे तेही पुरेना, तेव्हा दोन्ही मार्गांचे रूळ एकमेकांत गुंतवून मधोमध आणले, म्हणजे एका वेळी एकच गाडी आणि भार नेमका मधल्या ट्रसवर. ही युक्ती मला फार आवडते.

आता आगीचं. 8 मे 1974 ला पुलावरचे लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, पेटले. गाडीच्या ब्रेकच्या ठिणग्यांनी, असा अंदाज. सुमारे 700 फुटांचा भाग जळाला. आमच्याकडेही लाकडी स्लीपरच्या पुलांवर पाण्याची पिंपं आणि वाळू ठेवावी लागे, आणि वाफेच्या इंजिनांना पुलावर राख पाडायची बंदी असे. एक निखारा पुरतो. पण खरं सांगायचं तर जळाला तो वरचा लाकडी भाग. पूल बंद पडला तो मालकामुळे. पेन सेंट्रल ही रेल्वे कंपनी तेव्हा दिवाळखोरीत होती, दुरुस्तीला पैसा कोण घालणार? तिच्यानंतर आलेल्या कॉनरेलनं 1984 मध्ये तो पूल एका डॉलरला विकून टाकला. स्वस्त वाटतं, पण डागडुजीची जबाबदारी सोबत येते. 1992 मध्ये गावच्या लोकांनी संस्था काढली, 1998 मध्ये पूल तिच्या ताब्यात आला आणि 3 ऑक्टोबर 2009 ला तो पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला. स्लीपरच्या जागी काँक्रीटचे तयार स्लॅब आले.

गर्दीचं गणित करू. आपल्याकडे पादचारी पुलाला चौरस मीटरला 400 किलो भार धरतात. यात्रेच्या गावाजवळ असेल तर 500. पकिप्सीत आषाढी भरली असं समजा. वाट साधारण 24 फूट रुंद, म्हणजे मीटरभर लांबीला साडेतीन-पावणेचार टन. आपली भरलेली बॉक्स-एन वॅगन, म्हणजे कोळशाचा उघडा मालडबा, मीटरला साडेसात टन देते, तीही धडधडत. काँक्रीटचं वजन वाढलं हे खरं, पण ते जागचं हलत नाही. चाकांचे दणके, ब्रेकचा ओढा, दर गाडीगणिक रिव्हेटवर, म्हणजे पोलाद जोडणाऱ्या खिळ्यांवर, येणारा ताण, हे सगळं संपलं.

उरला गंज. तो माणसं मोजत नाही. म्हणून तपासणी आणि रंग चुकवून चालत नाही, आणि मी तिथे असतो तर पाणी साचणारे सांधे आधी उघडून पाहिले असते.

पुढच्या खेपेला वरून नुसतं चालू नका. पकिप्सीच्या काठावर 2014 मध्ये काचेची लिफ्ट बसवली आहे, ती हिवाळ्यात बंद असते. तिने खाली उतरा आणि नदीकाठच्या बागेतून पुलाखाली मान वर करून बघा. तीन ट्रस दिसतील, मधली नंतरची.