हॉस्टेलवर आल्यापासून केस कोरडे आणि पिंजारलेले का झालेत? तेल तर रोज लावते.

आधी पाणी बघा. हॉस्टेलला बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असतं. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवर बसतं, शाम्पूला फेस येत नाही, मग आपण आणखी शाम्पू ओततो आणि उरलासुरला तेलकटपणाही धुऊन निघतो. बादलीच्या आतल्या बाजूला पांढरा थर दिसतोय का? मग उत्तर तिथेच आहे. शेवटची खळखळ तरी आरओ फिल्टरच्या पाण्याने करून पाहा (साध्या फिल्टरने हे क्षार जात नाहीत).

केसाच्या वरच्या आवरणावर बारीक खवले असतात. ब्लीच, स्ट्रेटनर, कडकडीत पाणी, टॉवेलने खसाखसा पुसणं यांनी ते उचकटतात. पावसाळ्यात हवेतला दमटपणा तिथून आत शिरतो आणि केस फुगतात. कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे ते मुळातच कोरडे.

तेलाचं म्हणाल तर खोबरेल न्हाण्याआधी लावा. रोज थापून रोज शाम्पू करण्यात काही अर्थ नाही (आजीला सांगू नका). न्हाल्यावर टोकांना कंडिशनर हवाच.

केस गळतायत, थकवा आहे, वजन वाढतंय, असंही असेल तर थायरॉइड तपासून घ्या.