बाळाला ताप नाही, पण दूध ओढत नाही: वाट पाहावी का?

तुम्ही विचारलंय: बाळ 15 दिवसांचं आहे, बारशाला आलेल्या पाहुण्यांनंतर घरात सगळ्यांना सर्दी-ताप झालाय. बाळाचं अंग तापलेलं नाही, पण कालपासून दूध निम्म्यावर आलंय आणि उठवलं तरी लगेच झोपतं. शेजारी म्हणतात व्हायरल असेल, उतरेल. गंभीर व्हायरल कसं ओळखायचं?

आधी हॉस्पिटलला निघा, उरलेलं उत्तर वाटेत वाचा.

पहिल्या 28 दिवसांत संसर्ग विषाणूचा की जिवाणूचा, हे बाळाकडे नुसतं पाहून डॉक्टरलाही सांगता येत नाही. 'व्हायरल आहे, आपोआप जाईल' हा मोठ्या माणसांचा हिशोब इथे चालत नाही, कारण नागीण-कांजिण्यांच्या कुळातला हर्पिस विषाणू नवजात बाळाच्या मेंदूत, यकृतात पसरू शकतो आणि एन्टेरोव्हायरस हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतो. ताप नसणं हा दिलासा मुळीच नाही. आजारी नवजात बाळ बऱ्याचदा तापण्याऐवजी गार पडतं. म्हणून सर्वात आधी बिघडतं ते दूध पिणं, आणि आईला ते थर्मामीटरच्या आधी कळतं. रोज 8 ते 12 वेळा पिणारं बाळ निम्म्यावर आलं, किंवा पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, तर तेवढ्यावरच दाखवायचं.

तापमान डिजिटल थर्मामीटरने काखेत घ्या. टोक काखेच्या खोलगट भागात, हात अंगाशी दाबून, बीप वाजेपर्यंत. आंघोळ-मालिशनंतर किंवा दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असताना आकडा फसवतो. काखेत 37.5 अंश सेल्सिअस (99.5 फॅरनहाइट) किंवा जास्त, अथवा 35.5 च्या खाली: सरळ हॉस्पिटल. 36.5 च्या खाली असेल तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या, पण बाळ मलूल असेल तर ऊब देत घरी बसू नका.

श्वास बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणू नका, नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो. 60 किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. दोन्हीदा आले तर धोका. पाच-दहा सेकंदांचा थांबा चालतो, 20 सेकंदांचा नाही. आरएसव्हीसारख्या सर्दीच्या विषाणूत खोकला न येताही श्वास असा थांबू शकतो. कण्हणं, नाकपुड्या फुलणं, फासळ्यांखाली खड्डा पडणं, ओठ निळे होणं, डोक्यावरची टाळू फुगणं, हातपाय किंवा तोंड लयीत झटकणं, यातलं काहीही दिसलं तर 108 लावा.

अंगावर, डोळ्याजवळ, तोंडात किंवा डोक्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड शोधा. पण फोड नाहीत म्हणून हर्पिस नाही असं समजू नका. मेंदूला झालेल्या संसर्गात ते कित्येकदा नसतात. बाळाला फिट आली, यकृताचे रिपोर्ट बिघडले किंवा बाळ एकाएकी मलूल झालं, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: 'हर्पिसचा विचार केलाय का?' असा संशय असेल तर पाठीच्या कण्यातल्या पाण्याची आणि फोड, तोंड, डोळा यांच्या स्वॅबची पीसीआर (विषाणूचा अंश शोधणारी तपासणी) करतात, पण अॅसायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून सुरू होतं: किलोमागे 20 मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, मेंदूला संसर्ग असेल तर किमान 21 दिवस. सोबत अँटिबायोटिकही देतात. त्याला घाबरू नका, जिवाणूचा संसर्ग नाही हे कळेपर्यंत ते लागतंच.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट हमखास विचारायला हवी. बाळंतपणाच्या आगेमागे आईला ताप, अंगदुखी, सांधेदुखी होती का? चिकुनगुनिया आईकडून प्रसूतीच्या वेळी बाळाला जातो. बाळ जन्मतः ठणठणीत असतं आणि तिसऱ्या ते सातव्या दिवशी तापतं, पिणं सोडतं, हात लावला तरी रडतं, हातपाय सुजतात. डेंग्यूही असाच येऊ शकतो. आणि आईच्या अंगावर कांजिण्या प्रसूतीआधीच्या पाच दिवसांपासून नंतरच्या दोन दिवसांपर्यंत उठल्या, तर बाळाला लक्षणं दिसण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

गोव्यात असाल तर काणकोण-केपे भागातून मडगावचं जिल्हा हॉस्पिटल जवळ, पेडणे-बार्देशातून म्हापशाचं, पुढे गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). आईची प्रसूतीची फाईल घ्या, पाणी कधी फुटलं आणि बाळाचं जन्मवजन किती हे सांगा. वाटेत बाळ आईच्या छातीशीच ठेवा. चोखत असेल तर पाजा, ओढत नसेल तर चमच्याने ओतू नका, ठसका लागतो. पॅरासिटामॉल, घुटी, मध, ग्राइप वॉटर काही देऊ नका.

घरातल्यांनी बाळाचा मुका घ्यायचा नाही, ज्याच्या ओठावर पाण्याचे फोड आलेत त्याने तर जवळही यायचं नाही. सर्दी आईलाच असेल तर मास्क लावून, हात धुऊन पाजत राहा. दूध थांबवायचं ते फक्त स्तनावर हर्पिसचे फोड असतील तर, आणि तेही त्याच बाजूचं.